जालन्यात कमी पडलंय ते गवत

जालना जिल्ह्यात जंगल जेमतेम एक टक्का, म्हणून इथे पाऊस कमी, म्हणून दुष्काळ, म्हणून माळावर झाडं लावा. मृगाच्या तोंडावर ही साखळी भाषणांत, शाळांच्या प्रभातफेऱ्यांत, ग्रामपंचायतीच्या बैठकांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दरवर्षी ऐकू येते. तिची पहिली कडी खरी आहे. पुढच्या कड्या तिच्यात बसतच नाहीत. हे सगळं बोलण्यापुरतंच राहिलं असतं तर त्यावर एवढं लिहायची गरज नव्हती. पण याच तर्काच्या बळावर गायरानं खणली जातात, गुराख्याला हुसकलं जातं, शेळ्यांमागे फिरणाऱ्या बाईला नुकसान करणारी ठरवलं जातं आणि काही वर्षांनी तेच गायरान 'नाहीतरी पडूनच आहे' म्हणून भलत्याच कामाला दिलं जातं. म्हणून यातली एकेक कडी तपासायला हवी.

आधी तो एक टक्का घेऊ. हा आकडा भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या मोजणीतून येतो. उपग्रहाच्या चित्रात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर झाडांच्या माथ्यांचं छत्र दहा टक्के किंवा जास्त दिसलं, की तो तुकडा वनाच्छादनात धरतात. जमीन कुणाची आहे, झाड कोणतं आहे, ते लावलेलं आहे की आपोआप उगवलेलं, हे त्यात पाहिलं जात नाही. फळबागाही त्यात येतात. म्हणजे बदनापूर-अंबडकडची दाट मोसंबीची बाग या मोजणीत वनाच्छादन म्हणून बसू शकते. आणि जिथे शेडा, पवन्या, मारवेल ही गवतं गुडघाभर उभी आहेत, काळविटांचा कळप चरतो आहे, माळटिटवीने उघड्या मुरमावर अंडी घातली आहेत, असा शंभर एकरांचा माळ त्याच मोजणीत शून्य धरला जातो. मोजपट्टीच झाडांची आहे. तिने गवताचा प्रदेश मोजला, तर उत्तर शून्याजवळ येणारच.

मग तेहतीस टक्क्यांचा दाखला दिला जातो. १९८८च्या राष्ट्रीय वन धोरणात देशाच्या एकूण भूभागापैकी किमान एक तृतीयांश भाग वनांखाली किंवा वृक्षांखाली असावा, असं उद्दिष्ट आहे. डोंगराळ भागासाठी ते दोन तृतीयांश आहे. हे उद्दिष्ट संपूर्ण देशाचं आहे. प्रत्येक जिल्ह्याने, मग तो गडचिरोली असो की जालना, तेहतीस टक्के गाठलेच पाहिजेत, असं ते धोरण सांगत नाही. ज्यांनी ते वाचलं आहे तेही भाषणात मात्र जिल्ह्याला नापास करतात. आणि एकदा जिल्हा नापास ठरला, की त्याला पास करण्याच्या नावाखाली माळावर काहीही करायला मोकळीक मिळते.

आता पाऊस. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्री चढताना रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटरवर असलेल्या जालन्याची सरासरी सहाशे ते सातशे मिलिमीटरच्या दरम्यान आहे. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे आणि या छायेचं कारण डोंगर आहे. मोठ्या जंगलांचा हवेतल्या ओलाव्याशी संबंध असतो, हे मी नाकारत नाही. पण ती गोष्ट हजारो चौरस किलोमीटर पसरलेल्या सलग अरण्यांची आहे. भोकरदन तालुक्यातल्या एखाद्या गावाने वीस हेक्टर गायरानावर गिरिपुष्प लावलं म्हणून बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा वाट बदलून मराठवाड्याकडे येणार नाही. आणि पोळ्यानंतर आपल्या विहिरी भरतात त्या बऱ्याचदा त्याच पट्ट्यांच्या पावसाने. 'झाडं नाहीत म्हणून पाऊस नाही' या वाक्याची दुसरी बाजू जास्त खरी आहे. पाऊस कमी, तोही चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत आणि पुढचे आठ महिने कोरडे. अशा हवामानात दाट जंगलापेक्षा गवत आणि विरळ झाडं टिकतात.

'पूर्वी इथे घनदाट अरण्य होतं, माणसाने ते तोडलं,' असं यावर उत्तर मिळतं. हे उत्तर मनाला पटतं, कारण त्यात पापही आहे आणि प्रायश्चित्तही. पण पुरावा वेगळं सांगतो. जालना जिल्ह्याचा दक्षिण किनारा गोदावरीचा आहे आणि दुधना, पूर्णा, केळणा, गिरजा यांचं पाणी शेवटी तिलाच मिळतं. याच गोदावरीने हजारो वर्षं वाहून नेलेला गाळ तिच्या मुखासमोर बंगालच्या उपसागराच्या तळाशी थरांवर थर साठला आहे. त्या गाळाचा उभा गाभा काढून शास्त्रज्ञांनी त्यातल्या पानांवरच्या मेणाचे अंश तपासले. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. कोरड्या, उष्ण हवेत वाढणाऱ्या गवतांच्या मेणातला कार्बन झाडांच्या पानांवरच्या मेणापेक्षा वेगळा असतो, त्यामुळे कोणत्या काळात खोऱ्यात काय उगवत होतं हे कळतं. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्या हवामानाला जुळवून घेणाऱ्या वनस्पती वाढत गेल्याचं त्यातून दिसतं. त्यामागे मोठं कारण पावसाचं बदललेलं मान होतं. मराठवाड्याचं उघडेपण गेल्या शंभर वर्षांतल्या कुऱ्हाडीने आलं, या समजुतीला या गाळात आधार मिळत नाही.

एवढ्या मागे जायचं नसेल तर २३ सप्टेंबर १८०३चा दिवस घ्या. असईची लढाई याच जिल्ह्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या मधल्या मैदानात झाली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा तळ भोकरदन आणि जाफराबादच्या दरम्यान पसरला होता. त्यात तीस ते चाळीस हजार घोडेस्वार होते, असा अंदाज इंग्रजांनी केला होता. स्वारांशिवाय तोफांचे बैल, सामानाचे उंट आणि धान्य वाहणाऱ्या बंजारांचे तांडे वेगळेच. पावसाळ्याच्या शेवटी एवढी जनावरं एका जागी दिवसचे दिवस पोसली जातात, ती कशावर? घोड्याला हरभऱ्याचा दाणा लागतो तसं रोज भरपूर गवतही लागतं. मराठा सैन्य ज्या मुलखातून जाई त्या मुलखाकडून घेतल्या जाणाऱ्या एका वसुलीचं नावच घासदाणा होतं. दाट जंगलात घोडदळाच्या फळ्या उभ्या राहत नाहीत. दोन्ही बाजूंचे स्वार त्या दिवशी ज्या मोकळ्या मैदानावर दौडले, ते मैदान मोकळं होतं कारण तो मुलूखच तसा होता.

याच भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराकडे, महानुभावांचं जाळीचा देव हे क्षेत्र आहे. चक्रधरस्वामी आणि जाळीतली वाघीण यांची आठवण तिथे आजही सांगितली जाते. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण मी झाडांच्या विरोधात लिहितो आहे असं वाटायला नको. डोंगरउतारावर, ओढ्याकाठी, जिथे ओल धरून ठेवणारी खोल माती आहे तिथे झाडी होती आणि असायलाच हवी. माळही कधी पूर्ण बोडका नसतो. हिवर, बाभूळ, बोर, पळस, तरवड तुरळक उभे असतातच. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या ते विसाव्या शतकातल्या मराठी कथा, काव्यं, चरित्रं आणि ओव्यांमध्ये वनस्पतींचे जे उल्लेख आहेत ते गोळा केले. चव्वेचाळीस रानवनस्पती त्यांना सापडल्या. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश माळरानाची ओळख सांगणाऱ्या होत्या. हा अभ्यास पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्याचा आहे, जालन्याचा नाही. पण पर्जन्यछाया तीच आणि खालचा काळा खडकही तोच. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी जे पाहिलं ते आज आपण ज्याला उजाड म्हणतो त्याच्याशी जुळतं.

'असेल गवताचा मुलूख, पण गवताने काय दिलं?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण जालना जिल्ह्याची सगळी श्रीमंती गवताने दिलेली आहे. बेसॉल्ट झिजून इथली काळी माती झाली. पण खडक झिजून नुसता भुगा होतो. त्याची कसदार जमीन व्हायला त्यात जीव मुरावा लागतो. दर पावसाळ्यात फुटणारी आणि दर उन्हाळ्यात मरणारी गवताच्या मुळांची जाळी ते काम करते. सेंद्रिय कर्ब वरच्या काडीत कमी आणि जमिनीखाली जास्त साठतो. जगातले नावाजलेले सुपीक प्रदेश पाहा. युक्रेनची काळी माती, अर्जेंटिनाचे पंपास, अमेरिकेची मधली मैदानं, हे सगळे मुळात गवताचे प्रदेश होते. अमेरिकेने दक्षिणेकडच्या मैदानातलं गवत उलटंपालटं नांगरून काढलं आणि १९३०च्या दशकात पाऊस हटला तेव्हा त्या मातीची वादळं उठली. लोक गावं सोडून गेले. तिथे जंगल तुटलं नव्हतं, गवत गेलं होतं.

आणि आपण खातो ते काय? ज्वारी गवत आहे. बाजरी गवत आहे. शेडा, मारवेल आणि ज्वारी एकाच कुळातल्या आहेत आणि कडक उन्हात कमी पाण्यावर अन्न तयार करण्याची त्यांची रीतही एकच आहे. इथल्या शेतकऱ्याने शतकानुशतकं माळाच्या चालीने शेती केली: खोल मातीत ज्वारी, बरड मुरमावर कुरण. दाणा माणसाला, कडबा जनावराला आणि माळाचं गवत पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या चराईला. हा मेळ मोडला तो ज्वारीची जागा कापूस आणि सोयाबीनने घेतली तेव्हा. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली आणि ते बियाणं आणण्यात जालन्याच्याच बियाणे उद्योगाचा मोठा वाटा होता. त्या पिकांनी काय दिलं आणि काय घेतलं याचा हिशेब इथे मांडत नाही. एवढं मात्र उघड आहे, की कपाशीची पऱ्हाटी वैरण होत नाही. कडबा आटला तसा चाऱ्याचा सगळा भार माळावर आला, आणि नेमक्या त्याच वेळी आपण माळ काढून घ्यायला निघालो.

२०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्हा सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत होता. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पाणी टँकरने आलं. मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि २०१८-१९ला पुन्हा तेच झालं. छावणीत दावणीला बांधलेल्या जनावरापुढे दुरून आणलेला ऊस आणि वाढे टाकताना, आपल्या गावच्या गायरानाचं काय झालं, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. छावणीचा खर्च सरकारी कागदावर दिसतो, गायरानाचं उत्पन्न कुठेच दिसत नाही. बिनजमिनीच्या घरातल्या चार उस्मानाबादी शेळ्या, मराठवाडी म्हशीचं दूध, नदीकाठाने हिंडणारे मेंढपाळांचे वाडे, मेंढ्या बसवल्यामुळे शेताला मिळणारं खत आणि त्या बदल्यात मेंढपाळाला मिळणारं धान्य, हा सगळा व्यवहार ज्या जमिनीवर उभा आहे तिला आपण पडीक म्हणतो. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही चराऊ आणि झुडपी माळांची गणना त्याच खात्यात आहे.

या समजुतीतून प्रत्यक्ष जमिनीवर काय होतं ते पाहा. राज्यात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी झाडं लावायची लक्ष्यं ठरली. एवढ्या झाडांना जागा कुठून आणायची? शेतकऱ्याच्या शेतात सक्ती चालत नाही. मग उरतं गायरान, वनखात्याच्या ताब्यातला माळ आणि रस्त्याच्या कडा. माळावर यंत्राने चर खणतात, खड्डे घेतात. हातभर मुरमाखाली लगेच कठीण खडक लागतो. वरचा पातळ मातीचा थर, ज्यात गवताची बहुवर्षायू ठोंबं शेकडो वर्षं तग धरून होती, तो उलथून खड्ड्याच्या कडेला पडतो. रोपांना पहिल्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी मिळालं तर ती जगतात. जगणारी बऱ्याचदा गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी अशी बाहेरून आणलेली असतात. मेलेल्या रोपाच्या जागी शेडा परत येत नाही. खणलेल्या जमिनीवर आधी गाजरगवत येतं, मग वेडी बाभूळ. अशा रीतीने चांगला माळ खरोखरच उजाड होतो आणि पुढच्या वर्षी त्याच उजाडपणाचा दाखला देऊन नवे खड्डे मंजूर होतात.

पाण्याच्या नावानेही हेच चालतं. झाडं पाणी धरतात, गवत धरत नाही, असं मानणाऱ्यांनी जूनच्या पहिल्या वळवात माळावर उभं राहून पाहावं. थेंब उघड्या मातीवर आदळला की माती सुटते आणि ओढ्याचं पाणी गढूळ होतं. दाट गवतावर पाऊस पडला तर पाणी ठोंबांमध्ये अडतं, सावकाश उतरतं आणि ओढ्याला येईपर्यंत बरंच निवळलेलं असतं. दख्खनच्या खडकात पाणी मुरण्याच्या जागा मोजक्याच आहेत. झिजलेला मुरूम आणि भेगाळलेला खडक जिथे उघडा आहे तिथे ते मुरतं आणि माळाचा माथा ही अशीच जागा आहे. खालच्या काळ्या जमिनीत पहिल्या दोन पावसांनंतर चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच साचतं. म्हणूनच पाणलोटाचं काम करणारे 'माथा ते पायथा' म्हणतात. जालना शहराला निजामाच्या काळापासून पाणी देणाऱ्या घाणेवाडी जलाशयातला गाळ काढायला शहरातले लोक स्वतःच्या खिशातून पैसे घालून उतरले. ते काम मोलाचं होतं. पण गाळ येतो वरच्या उताराचं आच्छादन गेल्यामुळे. वरचं गवत नसेल तर पोकलेन दर काही वर्षांनी लावावाच लागणार.

याच जिल्ह्यातलं कडवंची पाहा. १९९६च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि विजयअण्णा बोराडे यांच्यासारख्या माणसांनी तिथे काम उभं केलं. पुढे कडवंची द्राक्षांसाठी आणि शेततळ्यांसाठी नावाजलं. द्राक्षं सगळ्यांना दिसली. त्या कार्यक्रमाच्या अटींमध्ये कुऱ्हाडबंदीबरोबर मोकाट चराईवर बंदीही होती, हे फारसं कुणी लक्षात ठेवलं नाही. वरच्या उतारावर विसावा मिळालेलं गवत नसतं तर खालच्या बंधाऱ्यांत काय साठलं असतं?

इथे खरा आक्षेप येतो आणि त्याला उत्तर देणं मला आवश्यक वाटतं. 'तुम्ही ज्या शेड्या-पवन्याचं कौतुक करता तो आहे कुठे? माळावर कुसळं आणि धूळ आहे.' हे बऱ्याच गावांत खरं आहे. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ प्रदेशांची जी वर्गवारी केली, तिच्यात आपला दख्खन शेडा आणि मारवेल यांच्या जोडीचा प्रदेश म्हणून नोंदला आहे. सतत चराई झाली की जनावरं आधी ही गोड, रसाळ गवतं संपवतात. मग कुसळी वाढते, शेवटी उरतं ते तोंडाला टोचणारं, निकस गवत. म्हणजे आजचा माळ आजारी आहे. पण तो आजार म्हणजे झाडांची उणीव नाही. विश्रांती आणि बियाणं मिळालं तर गवत परत येतं. हिवरे बाजारने मोकळी चराई थांबवून विळ्याने कापून गवत नेण्याची पद्धत बसवली आणि गावाची दावण भरली. जवळच्या अकोला-वाशीम पट्ट्यात फासेपारधी कुटुंबं तणमोर पक्ष्यासाठी गवताची कुरणं राखतात. पुणे जिल्ह्यात शिर्सुफळ आणि कडबनवाडीच्या माळांवर वनविभागाने लोकांना गवताळ प्रदेश दाखवायला सफारी सुरू केली. तोच वनविभाग, तेच राज्य. तिथे जो माळ दाखवण्यासारखा ठरतो तो जालन्यात खड्डे घेण्यापुरता का उरतो?

काळविटांच्या नुकसानीवरून शेतकरी चिडतात आणि त्यांचा राग रास्त आहे. कोवळं सोयाबीन रातोरात खाल्लं गेलं की त्या घराचा हंगाम जातो. पण काळवीट आणि रोही शेतात शिरले आहेत ते चराईचा माळ आक्रसल्यामुळे. लांडगा गावाजवळ येतो तो माळावरचं भक्ष्य उरलं नाही म्हणून. माळ जितका तुटक होईल तितका हा संघर्ष वाढेल. भरपाईचे अर्ज भरून तो मिटणार नाही. आणि फक्त मोठ्या जनावरांचीच गोष्ट नाही. द्वीपकल्पीय भारतातल्या माळरानांवरच सापडणाऱ्या, जगात अन्यत्र नसलेल्या २०६ वनस्पतींची यादी संशोधकांनी २०२२ साली दिली. त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वनस्पती गेल्या दोन दशकांत प्रथमच ओळखल्या गेल्या. आपण ज्या जमिनीची पुरती ओळखही करून घेतलेली नाही, ती खणण्याची इतकी घाई कशासाठी?

कार्बनचा मुद्दा आता नव्याने पुढे येतो. जगभर झाडं लावून हवामान सावरता येईल असा एक गाजलेला अभ्यास २०१९ साली आला. त्याच वर्षी अनेक देशांच्या पर्यावरणशास्त्रज्ञांनी मिळून त्याला उत्तर दिलं. गवताळ प्रदेश 'झाडांसाठी मोकळी जागा' म्हणून धरण्यासारख्या चुकांमुळे तो आकडा सुमारे पाच पटींनी फुगला होता, हे त्यांनी दाखवून दिलं. गवताळ प्रदेशाचा कार्बन मातीत असतो. वणवा आला तरी तो तिथेच राहतो. निलगिरीचा मात्र उभ्या खोडात असतो, आणि खोड विकलं गेलं की तोही जातो. भारतात असे खुले नैसर्गिक प्रदेश देशाच्या साधारण दहा टक्के भूभागावर, तीन लाख चौरस किलोमीटरांहून जास्त पसरलेले आहेत आणि त्यांतला पाच टक्क्यांहूनही कमी भाग अभयारण्यांत येतो. त्यांची उरलेली राखण गावांनाच करावी लागणार आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३च्या दुसऱ्या टप्प्यानंतर राज्यभर सरकारी जमिनी आणि गायरानं सौर प्रकल्पांना देण्याचा वेग वाढला. शेतीपंपाला दिवसा वीज मिळाली पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. रात्री साप-विंचवात पाणी धरायला जाणाऱ्याला ती मिळालीच पाहिजे. पण त्यासाठी आधी शहरांची आणि औद्योगिक वसाहतींची छपरं मोजा. जालन्यातल्या पोलाद कारखान्यांच्या, गोदामांच्या, सरकारी इमारतींच्या पत्र्यांवर ऊन पडतं तेही माळावरच्या उन्हाइतकंच कडक आहे. तिथे सगळं भरलं आणि मग जागा कमी पडली, असं कुणी कागदावर दाखवलं तर गायरानाची चर्चा करू. १२ जुलै २०११चा राज्य शासनाचा निर्णय तरी हेच सांगतो: दुसरी जागा नसेल तेव्हाच आणि सार्वजनिक कामासाठीच गायरान द्यावं. 'दुसरी जागा नाही' हे सिद्ध करण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते.

गायरान वाचवा म्हणणाऱ्याला मराठवाड्यात आणखी एका प्रश्नाला सामोरं जावं लागतं आणि तो टाळणारा माणूस प्रामाणिक नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या १९५९ आणि १९६४च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून एकनाथ आवाड यांच्या चळवळीपर्यंत, गायरान ही दलित भूमिहीनांसाठी पोटाला जमीन मिळण्याची एकमेव जागा राहिली. २८ नोव्हेंबर १९९१च्या शासन निर्णयाने १९७८ ते १९९० या काळातली त्यांची अतिक्रमणं नियमित करायची ठरली. ज्यांचं नाव अजून सातबाऱ्यावर चढलेलं नाही त्यांना गवताच्या नावाने उठवणं अन्याय आहे. मी त्याच्या बाजूने नाही. गावातल्या बागायतदाराने बांध सरकवून दाबलेली वीस एकर आणि भूमिहीनाने कसलेली दोन एकर एकाच नोटिशीत घालू नयेत. पण शेळ्यांवर जगणारी भूमिहीन बाईही याच गायरानावर चारते. कसणारा आणि चारणारी यांच्यात भांडण लावून उरलेली जमीन कंपनीला किंवा वृक्षलागवडीच्या लक्ष्याला द्यायची, हे थांबायला हवं. कसलेली जमीन कसणाऱ्याच्या नावावर, उरलेला माळ गावाच्या सामायिक कुरणासाठी, असा हिशेब ग्रामसभेत होऊ शकतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ प्रदेश आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. जिल्हा परिषदेने त्यानिमित्त फलक लावू नयेत. आठही तालुक्यांतल्या गायरानांची एक नोंद करावी: मुरूम किती खोल आहे, कोणतं गवत शिल्लक आहे, कोण चारतं, पावसाळ्यात पाणी कोणत्या ओढ्याला आणि कोणत्या विहिरींना जातं. ज्या जमिनीवर हातभरही माती नाही तिथे झाडांचं लक्ष्य लावू नये. ती झाडं ओढ्याकाठी, बांधांवर, शाळांत आणि गावठाणात लावावीत आणि ती इथलीच असावीत: हिवर, बाभूळ, कडुनिंब, बोर. माळाचा एक तृतीयांश भाग आलटूनपालटून एक पावसाळा चराईपासून मोकळा ठेवावा. तिथे पवन्याचं बी टाकावं, मारवेलाची ठोंबं लावावीत, आणि दसऱ्यानंतर विळा घेऊन कापायला आधी बिनजमिनीच्या घरांना बोलवावं. या कामाला पोकलेन लागत नाही, आणि पहिल्या उन्हाळ्यात टँकरही लागत नाही.